आईची कंबर आणि काकूची आवणी

धसई, रविवार, १२ जुलै १९९८

आज आईचा व्यायाम अगदी नीट झाला, आणि त्यानेच घात केला. मुरबाडच्या डॉक्टरांनी कंबरदुखीवर दाखवल्याप्रमाणे ती उताणी झोपून, गुडघे वर घेऊन कंबर जमिनीला टेकवते. आधी कंबरेखालून माझा अख्खा हात जायचा. आज बोटंही शिरली नाहीत. किती आनंद झाला होता मला!

तेवढ्यात शेजारची काशीकाकू दारात. "भरदिवसा आडवी? बालंतीन हायस का गो?"

आई हसत उठली. "पोरीनं कंबर सरळ केली. उद्या येते तुझ्या आवणीला."

म्हणजे दिवसभर वाकून भाताची रोपं लावायची! मी जाते म्हटलं, तर दोघी हसल्या. "तुझी रोपं पाण्यावर तरंगतील गो," काकू म्हणाली.

काकू गेल्यावर मी आईशी भांडले. आई शांतपणे म्हणाली, "आपलं शेत तिनं लावलं. मी नाय गेले तर पुढल्या साली कोण येईल?"

बोटंही शिरली नाहीत, हे खरंच होतं. पण मी तिला बरी करतेय, की पुन्हा वाकण्याजोगी? उद्यापासून व्यायाम घ्यावा की नाही, तेच कळेनासं झालंय.