ओल्या चिपाडांचा धूर

आबा, टण् टण् टण्. तेलाच्या रिकाम्या डब्यावर तुमची काठी. अजूनही दुपारच्या डुलकीत तो आवाज येतो आणि साखर कारखान्याच्या धावपट्टीवरून छावणीतली सुटलेली गुरं, दुष्काळानं हाडं वर आलेली, सावकाश बाजूला होतात. मग तुम्ही ओली चिपाडं पेटवता. धूर झुकेल त्या अंगानं विमान खाली यायचं, वाऱ्याकडं तोंड करून. वैमानिक आधी वर एक घिरटी घालून धूर बघायचे. पट्टीवर एखादं असलं की तुम्ही लाल फडक्याचं धडपं हलवायचात, दुसऱ्यानं वरच थांबायचं. उडणाऱ्यालाही तुम्ही मान फिरवून सगळं आभाळ तपासल्याशिवाय हात करत नव्हतात. तुम्ही त्या पट्टीचे राखणदार आणि मी, तुमचा लेक, तेव्हा कारखान्यात टाइमकीपर, खिशात कवितांची वही. मला तुमच्या त्या धुरातही कविता दिसायची. आता नुसता संताप येतो.

कारखान्याच्या मेळाव्याच्या दिवशी पाहुण्यांची विमानं एकामागून एक येत होती. "आभाळात आज नेकनूरचा बाजार भरलाय," तुम्ही हसून म्हणालात. तेवढ्यात चेअरमनसाहेब आले. "धूर मंडपात यायलाय. पाव्हन्यांचे कपडे काळे व्हायलेत. इझवा."

"साहेब, वारा फिरायलाय. दोन इमानं अजून यायचीत."

त्यांनी तुमच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "तुला आपल्या शाळंवर मास्तर व्हायचंय ना बे? मग उचल बादली."

ते टँकरचं पाणी होतं, वासरांसाठी राखलेलं. मी ते चिपाडांवर ओतलं. धूर बसला. तुम्ही डबा टाकून लाल धडपं घेऊन पळालात, कारण वारा कुठला हे आता वरच्यांना कळणार नव्हतं. एक विमान पूर्वेकडून उतरलं, त्याच वेळी दुसरं पश्चिमेकडून आलं, आणि दोन्हींच्या मधोमध तुम्ही. दुसऱ्यानं ऐन वेळी नाक वर केलं. चाकं तुमच्या डोक्यावरून गेली, मंडपाचं कापड उडालं, तुम्ही मातीत पडलात. मेलं कुणी नाही.

वैमानिक खाली उतरून तावातावानं आला. "धूर कुणी विझवला?"

चेअरमन खाली बघत होते. मीही. तुम्ही अंगावरची माती झटकलीत आणि म्हणालात, "म्या."

दुसऱ्या दिवशी तुमचं काम गेलं. जूनमध्ये मी मास्तर झालो.

काहून म्हणालात तसं, आबा? मी मागितलं होतं का? एक थोबाडीत दिली असतीत तर मी मोकळा झालो असतो. पण त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही मला नावानं हाक मारली नाहीत, "मास्तर" म्हणायचात. ते कौतुक होतं की चपराक, हे सांगायचं राहिलंच. वर्गात वाऱ्याची कविता आली की पोरं ठेक्यात म्हणायची आणि मी खिडकीकडं तोंड करून उभा राहायचो. तुमच्या गप्प बसण्याची शिक्षा मी आयुष्यभर भोगली, आणि तुम्ही खुशाल निघून गेलात.

एक मात्र खरं सांगतो. बादली उचल, हे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात चेअरमनसाहेब. काठी टेकत, एकटेच, गाडी नाही. या घराची पायरी ते कधीच चढले नव्हते. "मास्तर, लई ऊन हाय. पाणी दे जरा."

इतकी वर्षं त्यांच्यासाठी चार वाक्यं जपून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात यायच्या आत, आबा, हातानं तांब्या उचलला होता.