भावाच्या वावरातली मूठभर माती

मी, श्रीमती गोजरबाई लिंबाजी पडोळ, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, कोणाच्या दबावाला न भिता, कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता आणि पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. असा दाखला माझ्या दोन्ही मुलांना मिळाला असता, तर हे लिहायची वेळच आली नसती.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. चुलीपुढे बसून रागाच्या भरात ज्याला जे जे देते म्हणाले, त्यातले काहीही कायदेशीर समजू नये.

मला दोन मुलगे, थोरला सोनाजी व धाकटा ग्यानबा. एक मुलगी चांगुणा, हट्ट्याच्या माणिकरावांना दिलेली. माझे यजमान मागेच वारले. ते असते तर दोघांच्या एकेक कानाखाली देऊन हे काम फुकटात उरकले असते. मला वकील करावा लागला.

कलम एक. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मधली भिंत त्यांनी मला न विचारता आधीच घातली आहे. घाई एवढी, की न्हाणी गेली सोनाजीकडे आणि चूल गेली ग्यानबाकडे. किती दिवस एक उपाशी आंघोळ करायचा आणि दुसरा पारोसा जेवायचा, पण भिंतीत दार काही पाडले नाही.

कलम दोन. माझी बोरमाळ चांगुणेला. पाटल्या थोरली सून साधना हिला. धाकटी सून रुसेल, रुसू द्या. तिला म्हैस दिली आहे. पाटल्या दूध देत नाहीत हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळेल.

कलम तीन, आणि हेच खरे. माझ्या बापाने मला चोळीबांगडीला दिलेले वावर, त्यातली विहीर, मोटार आणि ठिबकच्या नळ्या. हे वावर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मधे धुरा, म्हणजे बांध आहे. धुऱ्याच्या अलीकडे सोनाजी टमाटे लावतो, पलीकडे ग्यानबा लावतो. विहीर एक, म्हणून दोघांनी पाण्याची बारी लावून घेतली, आज याची, उद्या त्याची. इथपर्यंत बराबर होते.

पण पुढे काय झाले, की बारी आली की पाणी सोडायचेच. जमीन ओली असो की सुकी. मी सोनाजीला विचारले, "अरे, काल पाऊस पडून गेला, काहून पाणी देऊन राहिला?" तर म्हणे, "आये, आज माही बारी हाय. म्या न्हाई घेतलं तर पाणी त्याला उरंल ना!" ग्यानबाला विचारले, तोही तेच बोलला. एका आईची लेकरं, दुसरे काय! लाईट आली की मोटार चालू, लाईट गेली की बंद. आणि मधेच रोहित्र जळाले की आठ-आठ दिवस थेंब नाही, आणि लाईट आली की पुन्हा पूर.

टमाट्याला हे सोसत नाही. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात शेतीची शिकवणी नको. पण मी मेल्यावर हे कोण सांगणार? म्हणून लिहा. रोप जोम धरले, की त्याला थोडी तहान लागू द्यावी, म्हणजे मुळी खाली पाणी शोधत जाते. रोज पाजले की मुळी वरच लोळत राहते, लाडावलेल्या जावयासारखी. फुलावर आल्यावर मात्र तहानेने मारू नये, फुले गळतात. फळ भरताना पाणी कमी-जास्त झाले की बूड काळे पडते. आणि वाळल्या जमिनीत एकदम पाणी लोटले, की फळ आतून फुगते, साल पुरत नाही, तडकते. पिकायला लागल्यावर हात जरा आखडता घ्यावा. वजन थोडे उतरते, पण चव येते.

तीन वर्षांमागे दोघांचाही माल तडकला. एकाच गाडीत कॅरेट गेले, हिंगोलीच्या बाजारात आडत्याने वरची रास बघितली आणि गाडी परत लावली. सोनाजी म्हणाला, ग्यानबाचे तडके माझ्यात आले. ग्यानबा म्हणाला, सोनाजीचे माझ्यात आले. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोललेला नाही. घरासमोरून जाताना एक बाभळीकडे बघतो, दुसरा खांबाकडे. आता दोघेही आपापला बोअर पाडायच्या गोष्टी करून राहिले. बोअर पडले की माझ्या बापाची विहीर आटली म्हणून समजा. माझा जीव त्या विहिरीत अडकला आहे, आणि त्या दोघांत.

म्हणून मी अशी व्यवस्था करते. वावर दोघांना निम्मे निम्मे. विहीर व मोटार दोघांच्या सामाईक नावाने. पाण्याची बारी आजपासून रद्द. पाणी द्यायच्या आधी सोनाजीने ग्यानबाच्या वावरात, आणि ग्यानबाने सोनाजीच्या वावरात, वीतभर खोल उकरून मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. लाडू वळलाच नाही, भुगा झाला, तर पाणी द्यावे. लाडू वळला आणि टाकल्यावर फुटला, तर वापसा आहे, म्हणजे ओल पुरेशी आहे, गप बसावे. हाताला चिकटून चमकली, तर मोटारीकडे बघूसुद्धा नये. दोघांनी हे एकमेकांना तोंडाने सांगावे. सुनेकरवी, लेकराकरवी किंवा मोबाईलवर सांगितलेले चालणार नाही.

ही अट मोडली किंवा कोणी बोअर पाडला, तर विहिरीचा सगळा कारभार जावई माणिकराव यांच्याकडे जाईल. माणिकराव भला माणूस आहे. पण बोलायला लागले की पुढचा चहा निवतो, नवा आणला तर तोही निवतो. दर पाण्याला ते हट्ट्याहून येतील आणि आधी बोलतील. माझ्या मुलांना या अटीतली तकलीफ बरोबर कळेल.

कलम चार. फळ तडकण्यावर रामबाण म्हणून ज्या दुकानदाराने दोघांनाही औषध विकले, त्याला माझ्या कोठ्यातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या देण्यात याव्यात. झाकणांसकट.

जोड. वरचा मजकूर सही होण्याआधी वाचून दाखवावा म्हणून दोघा मुलांना आज वावरात बोलावले. बारी सोनाजीची होती, मोटार चालू होती. मातीची अट ऐकून ग्यानबा वकीलबाईंना म्हणाला, "ताई, त्याला सांगा, मह्या वावरात पाय टाकायचा न्हाई." मी म्हणाले, "वकीलबाई काय टेलिफोन हाय का? त्यालाच सांग." सोनाजी तणतणत धुरा ओलांडून गेला, उकरले, माती दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चिखल हाय निस्ता. पाणी नको." ग्यानबा चिडला. "मही फुलं गाळायची हायेत व्हय तुला? थांब, तुही माती बघतो!" तोही धुरा ओलांडून गेला. मूठ दाबली. बोटांतून चिखलाचा गारा निघाला. वर फुलांनी भरलेली झाडे, खाली मुळ्या बुडालेल्या.

मग म्हणाला, "दादा, मोटार बंद कर."

सोनाजी धावत गेला आणि मोटार बंद केली.

मी वकीलबाईंना म्हणाले, तो "दादा" म्हणाला, ते लिहा. त्या म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत." मी म्हणाले, "बाई, त्याच्यासाठीच तर केलं हे मृत्युपत्र. वावर काय, ते हितंच राहणार हाय."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे, म्हणून खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

गोजरबाई लिंबाजी पडोळ (सही)

साक्षीदार:
१. रूपसिंग राठोड, शेजारचे शेतकरी, साखरा (सही)
२. डॉ. अद्वैत औंढेकर, सेनगाव (सही)

लेखन: ॲड. अनुश्री सेलूकर, हिंगोली

ठिकाण: साखरा, विहिरीजवळ
दिनांक: १४ डिसेंबर २०२४