शेवट गोड हाय

आई,

आपल्या भिसेगावच्या घरात आता टीव्ही आहे. काळापांढराच आहे, पण रविवारी संध्याकाळी सिनेमा लागतो आणि आळीतल्या बायका भाकऱ्या लवकर उरकून येऊन बसतात. मागे एकदा शेतकऱ्याचा सिनेमा होता. अंगात परीटघडीचा सदरा घालून तो नांगर धरतो आणि बैलांकडे एकदाही बघत नाही. मला तुझा आवाज ऐकू आला, "बैल दुसऱ्याचं हायत." त्याच्या पुढच्या रविवारचा बरा होता. एक म्हातारा मास्तर गावी परत येतो, ओळखीचं कुणी राहिलेलं नसतं, आणि तो आपल्या घराचं कुलूप उघडून झाडलोट करतो, एवढंच. शेजारणी जांभया देत उठल्या. मला आवडला. तुलाही आवडला असता, कारण त्यात कुणी विनाकारण रडत नव्हतं. गेल्या रविवारचा मात्र तुला मुळीच सोसला नसता. त्यात नवरा बायकोला मारतो, घराबाहेर काढतो, ती सगळं गिळून राहते, आणि शेवटी तो देवळाच्या पायरीवर तिच्यासमोर हात जोडून उभा राहतो. सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी चहा टाकायचं निमित्त करून चुलीपाशी गेले आणि चहा झाल्यावरही तिथेच उभी राहिले.

तू गेल्यापासून सिनेमाबद्दल मी कुणाशी बोलले नाही. बोलायची सवय तुझ्याबरोबरच होती. वडील गेल्यानंतर तुला कर्जतच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर काम मिळालं, तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. दुपारचा खेळ सुटला की तू घरी यायचीस, चूल पेटवायचीस, तांदळाच्या पिठात गरम पाणी ओतायचीस आणि भाकरी थापता थापता मला अख्खा सिनेमा सांगायचीस. हिंदी तुला अर्धीमुर्धीच कळायची. बाकीचं तू चेहऱ्यावरून लावायचीस, आणि तुझं मत तर लगेच तयार. "नाचत नाचत त्या पोरीनं सगळा बांध तुडवला. तो कुनी परत घालायचा?" किंवा, "आय क्षयानं मेली म्हनं. केसाला तेल किती लावलं व्हतं, बघितलंस का?" मी हसून हसून वहीवर पेन टेकवायची विसरायची. तू स्वतः हसत नसायचीस. तू खरंच विचार करून बोलत असायचीस, आणि म्हणूनच जास्त हसू यायचं.

हे फक्त आपल्या चुलीपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण कडावहून, कळंबहून बैलगाडीने येणाऱ्या बायका तिकीट काढायच्या आधी तुझ्या दारापाशी येऊन विचारायला लागल्या. "कसा हाय गं पिच्चर?" आणि तुला खोटं बोलायला जमायचं नाही. "पहिला अर्धा बघा, मंग उठा," असं तू एकदा सांगितलंस आणि मध्यंतरानंतर बायकांची बाजू रिकामी झाली. दुसऱ्या एका सिनेमाला तर गाडीभर बायका तुझ्या सांगण्यावरून सिनेमा न बघता बाजार करून परत गेल्या. त्या दिवशी मी तुला डबा घेऊन आले होते. टॉकीजच्या मालकांनी तुला बाहेर बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुम्हाला तिकीट फाडायला ठेवलंय, मत द्यायला नाही. लोक आपल्या पैशानं रडायला येतात. त्यांना रडू द्या. यापुढे कुणी विचारलं तर एकच सांगायचं, पिक्चर चांगला आहे, शेवट गोड आहे." तू मान हलवलीस. घरी आल्यावर त्या दिवशी तू सिनेमा सांगितला नाहीस. भाकरी वाढताना म्हणालीस, "काम हाय म्हनून तुझी शाळा हाय. तोंडाला काय, गप बसवता येतं."

आणि तू खरंच गप्प बसलीस. कोणी विचारलं की मालकांचं वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हणायचीस. ओळखीच्या बायकांना वाटलं, हिला कसला तरी राग आलाय.

त्याच दिवसांत तो सिनेमा लागला होता. नाव सांगत नाही, तुला ते ऐकायला आवडत नसे. त्यातही मारणारा नवरा, सोसणारी बायको आणि शेवटी त्याचे अश्रू. बायकांची बाजू रोज भरून जायची. शनिवारी माझी अर्ध्या दिवसाची शाळा होती, म्हणून मी तुझ्या स्टुलाशेजारी दाराच्या आत उभी राहून बघत होते. मध्यंतरात कळंबची एक तरणी बाई आपल्या वहिनीबरोबर बाहेर आली. वहिनी पाणी प्यायला नळावर गेली आणि ही तुझ्याजवळ थांबली. तिच्या कानामागे काहीतरी भाजल्याचा डाग होता आणि ती सारखा पदर तिथे ओढत होती. ती म्हणाली, "मावशी, तुमी म्हनं सगळं पिच्चर बघता. ह्याचं शेवटी काय व्हतं? तो सुधारतो का?"

तू तिच्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तू तुझ्यासारखं काहीतरी बोलणार. तू म्हणालीस, "सुधारतो. शेवट गोड हाय."

"मंग मी बी जाऊ का परत? माझा नवरा खालापुराकडं असतो. भावाकडं येऊन आता दोन पावसाळं झालं."

मालक तिकिटाच्या खिडकीत उभे होते. त्यांना ऐकू जात असेल की नाही, मला माहीत नाही. तू पुन्हा म्हणालीस, "पिच्चर चांगला हाय, बाय. आत जा, सुरू व्हईल." ती आत गेली. खेळ सुटल्यावर ती वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून गाडीत चढली. डोळे रडून सुजले होते, पण तोंड हसरं होतं. जाताना तिने तुला हात केला.

पुढे भातं कापून झाली होती, खळ्यावर झोडणी चालू होती, तेव्हा ती वहिनी एकटीच आली. तिकीट तुझ्या हातात देऊन ती आत जाईना. तूच विचारलंस, "नणंद कुठं हाय? सासरी बरी हाय ना?" ती म्हणाली, "गेली. पोटात दुखून गेली, असा सांगावा आला. आमी पोचलो तवर त्यांनी जाळून टाकली व्हती. तोंड बी बघायला नाय गावलं." मग ती म्हणाली, "तिला तो पिच्चर लई आवडला व्हता." तिच्या बोलण्यात दोष नव्हता. ती फक्त आठवण काढत होती. तू तिचं तिकीट फाडलंस, अर्धं तिला परत दिलंस, आणि मागच्या बायकांची तिकिटं घ्यायला लागलीस. मला वाटलं तुला नीट ऐकूच आलं नाही.

घरी आल्यावर तू पाणी तापत ठेवलंस आणि ते उकळून अर्धं होईपर्यंत पीठ घेतलंच नाहीस. मी पुढे झाले, विस्तव ओढला. तू म्हणालीस, "तिनं मला इचारलं व्हतं." मी म्हटलं, "तू तिला जा कुठे म्हणालीस? तू फक्त सिनेमा चांगला आहे म्हणालीस." तू परातीत पीठ घेतलंस आणि उरलेलं पाणी त्यात ओतलंस. मी शिकत होते, वाक्यं नीट जोडता येत होती, पण तुला त्यांचा काही उपयोग नव्हता.

तो सिनेमा काही दिवसांनी परत आणला गेला, गर्दी होत होती म्हणून. पहिल्याच दुपारी खेळ सुटला तेव्हा तू स्टुलावरून उठून दारात आडवी उभी राहिलीस. बायका डोळे पुसत बाहेर पडत होत्या. तू एकेकीला सांगायला लागलीस. "शेवट खोटा हाय गं. आसं व्हत नाय. मारनारा मारतच ऱ्हातो." ओरडून नाही. आपण एखाद्या बाईला सांगतो ना, पदर लोंबतोय, सांभाळ, तसं. काही बायकांना राग आला. एकजण म्हणाली, "जरा रडून बरं वाटलं व्हतं, तेवढं बी घालवलंस." एकदोघी हसल्या. पण कडावची एक बाई बाहेर पडली ती भिंतीला टेकून खालीच बसली. तिची गाडी निघाली, गाडीवाला हाका मारत राहिला, ती उठली नाही. त्या दिवशी ती आपल्याकडे राहिली. काय झालं, कोण मारतं, तू तिला काही विचारलं नाहीस. सकाळी तिला बरोबर घेऊन तू तिच्या माहेरी गेलीस आणि तिच्या बापाशी बोललीस. काय बोललीस ते मला कधी कळलं नाही. ती सासरी परत गेली नाही एवढं मला माहीत आहे. आजही ती म्हशी राखून आहे. बाजारात भेटली की मला न विचारता पिशवीत खरवसाचा तुकडा टाकते आणि तुझ्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

तू संध्याकाळी परत आलीस तर मालक आपल्या ओट्यावर बसलेले. म्हणाले, "बाई, मी तुम्हाला किती सांभाळून घेऊ?" तू म्हणालीस, "नका घेऊ." ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझं स्टूल आपल्याकडे पाठवून दिलं. का, ते मला आजही समजत नाही. तू त्याच्यावर कधी बसली नाहीस. मग तू भाताच्या गिरणीत पाखडायला जायला लागलीस, कोंड्याने खोकायला लागलीस, मी नर्सचं शिकायला गेले, आणि तू सिनेमा हा शब्दही परत काढला नाहीस. शेवटच्या आजारात एका दुपारी ग्लानीतून जागी होऊन म्हणालीस, "पदर लई ओढत व्हती गं." मी विचारलं नाही कोण. मला ठाऊक होतं.

आता मला तुला खरं सांगायचंय ते सांगते. मंगळवारी आमच्या दवाखान्यात एक म्हातारी पायाची जखम घेऊन आली. मी धुवायला बसले तर ती माझं तोंड निरखत म्हणाली, "तू टॉकीजवाल्या बाईची ना?" ती कळंबची वहिनी होती. मी तुझं सांगितलं, तू जाऊन बरीच वर्षं झाली म्हणून. ती हळहळली. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या नणंदेला आईनं पिक्चर चांगला आहे म्हणून सांगितलं, ते आईला शेवटपर्यंत लागून राहिलं होतं."

ती म्हणाली, "त्यात तुझ्या आयशीचं काय? पोरीला सासरी धाडायचं आमच्या घरात आधीच ठरलं व्हतं. गाडी सांगून ठेवली व्हती. जाताना रडत जाऊ नये, म्हनून आमचं मालक, म्हंजी तिचा भाऊ, म्हनाले, हिला एक पिच्चर दाखवून आन. तो पिच्चर बी त्यांनीच सांगितला."

"मग तिनं आईला कशाला विचारलं?"

"घरात तिला कोनी काय इचारलं नव्हतं ना. म्हनून तिनं कुनाला तरी इचारलं." मग म्हणाली, "तुझी आय नको म्हनली असती, तरी ती गेलीच असती. ऱ्हानार कुठं?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. तुझं काही चुकलं नव्हतं. हे एक वाक्य तुला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तू नीट जेवली असतीस, झोपली असतीस, कदाचित त्या कोंड्यात मरायला गेली नसतीस. आणि तरी मला धड हायसं वाटत नाही. त्या पोरीला ठाऊक होतं की गाडी सांगून ठेवलीय. तरी ती तुझ्यापाशी थांबली. तिला जाऊ नको असं एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असेल, जाणं टळणार नसलं तरी. ते तू बोलली असतीस तर काय झालं असतं, याचं उत्तर त्या वहिनीकडेही नाही. मी हे तुला कसं सांगणार होते? तू जिवंत असतीस तर माझ्या आवाजावरून उरलेलंही ओळखलं असतंस.

हे पत्र मी जाळणार नाही आणि जपूनही ठेवणार नाही. सकाळी कामाला जाताना टेबलावरच राहील, नाहीतर भाजीच्या कागदात जाईल. पण एक गोष्ट लिहून मगच उठते. म्हातारी ते सगळं बोलली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तुझी सुटका झाली असं आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं आईला कळलं नाही. तुला कळलं असतं तर तू त्या दुपारी दारात आडवी उभी राहिली नसतीस, आणि भिंतीला टेकून बसलेली ती बाई गाडीत चढून गेली असती. तू एवढी वर्षं जळलीस, आणि मला ते बरं झालं असं वाटलं. मी पट्टी बांधत होते. माझा हात घट्ट पडला असावा, कारण म्हातारी पाय मागे घेत म्हणाली, "हळू गं."