विचारल्याशिवाय भंडारा उचलत नाहीत

पिंपळमाळ, ता. माण
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

चि. उत्कर्षा हिस आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना आक्का कागद का खराब करते, म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? मी एक वाक्य बोलले की तुझं ‘म्हणजे नक्की काय, कधी, कुणासमोर’ सुरू होतं आणि मी पिंजऱ्यातल्या साक्षीदारासारखी गडबडते. कागद मधे बोलत नाही. आज अंगणवाडी बंद आहे, पोरं कोरड्या पाटात क्रिकेट खेळतायत, म्हणून निवांत बसले.

इकडची खबर अशी. मेंढरं अजून फलटणच्या बाजूला, उसाच्या रानात खताला बसवली आहेत. तुझे दाजी गेल्या सोमवारी तिकडून आले होते, तेही दोन दिवसांसाठी. टँकर एक दिवसाआड येतो. ज्वारी बरी आली, हुरडा झाला, तेव्हा आईनं तुझी आठवण काढली. आईचे गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही. आबा जेवतात. दूधभाकरी कुस्करून दिली की जेवतात.

तुझ्या केसचा निकाल पेपरात वाचला. याचिका फेटाळली. वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. कोल्हापूरला हायकोर्ट आल्यापासून तू किती खेपा मारल्यास ते मला माहीत आहे. गावात बायका मला विचारतात, तुझ्या बहिणीची केस होती तरी काय? मी त्यांना सांगते ते असं. आपल्याकडं पाणी आणायचं म्हणून सरकारनं जलरोखे काढले. लोकांनी मेंढरं विकून ते घेतले. पाट टेकडीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. पैसा कुठं मुरला ते शोधायला इतक्या वर्षांनी संसदेनं समिती नेमली. आणि माझी बहीण कोर्टात म्हणाली, की पोलिसांची केस चालू असताना समितीनं गरीब माणसांना बोलावून त्यांच्याच तोंडून त्यांना अडकवायचं हे बरोबर नाही. कोर्ट म्हणालं, संसदेच्या कामात आम्ही हात घालणार नाही. चुकलं असलं तर सांग.

बायकांना मी एवढंच सांगते. त्या समितीनं बोलावलेल्या माणसांत आपले आबा होते हे त्यांना सांगावं लागत नाही.

तुझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. रोख्यांच्या अर्जांवर ‘सरपंचांची शिफारस’ म्हणून आबांच्या सह्या आहेत, त्या तूच मला दाखवल्यास. मोठे सुटतील आणि नानासो सरपंच सापडेल, ही तुझी भीती. तुझ्या संस्थेच्या नावानं याचिका घातलीस, लोकांसाठी घातलीस, पण आतून बापासाठी घातलीस. हे मला कळत होतं. लेकीनं आणखी काय करायचं असतं?

पण समितीचं बोलावणं श्रावणात आलं त्या दिवशीचे आबा तू बघितले नाहीस. मी बघितलेत. पाकीट घेऊन ते आधी बिरोबाच्या देवळात गेले. आल्यावर आईला म्हणाले, “सुला, फेटा धुवून ठेव. मला इचारणार हायेत.” आई घाबरली. “आवं, त्यात नाचण्यासारखं काय हाय?” तर म्हणाले, “गाव इचारत न्हाई, दिल्ली तरी इचारती.” आणि हसले. किती वर्षांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं.

तू शाळेसाठी लवकर सांगलीला गेलीस, म्हणून तुला हे माझ्याइतकं माहीत नाही. रोखे घ्या म्हणून आबा दारोदार फिरले होते. पाणी आलं नाही तेव्हा लोक भांडायला आले असते तर बरं झालं असतं. कुणी आलंच नाही. कुणी तोंडावर म्हणालं नाही, की नानासो, तू खाल्लंस का. फक्त सोयरिकीच्या बैठकीला बोलावणं बंद झालं. मेंढरांची वाटणी करायला दुसऱ्याला नेऊ लागले. सयाजीतात्या, ज्यानं आबांच्या शब्दावर आपली निम्मी मेंढरं विकली, तो आजतागायत रामराम घालतो. घालतो आणि पुढं जातो.

आणि आबांनी आपणहून देवाच्या हळदीची मूठ, भंडारा, उचलून शपथ का घेतली नाही, असं तू मला एकदा विचारलं होतंस. अगं, तू कायदा शिकलीस आणि आपला रिवाज विसरलीस. विचारल्याशिवाय भंडारा उचलत नाहीत. धोंडुबाईचं आठवतं? तिनं सख्ख्या दिराला चोरीला गेलेल्या कोकराबद्दल विचारलं होतं. भंडाऱ्याच्या ताटावर बोट ठेवून, सगळ्या वाडीसमोर. त्यानं मूठ उचलली, कपाळाला लावली, आणि दुसऱ्या दिवशी धोंडुबाईनं त्यालाच जेवायला वाढलं. झालं, मिटलं. पण कुणी न विचारता उचलला, तर लोक म्हणतात याला एवढी घाई कसली? म्हणून आबा गप्प बसले. कुणीतरी विचारेल म्हणून थांबले.

तुझी याचिका कोर्टात दाखल झाली आणि समितीनं सातारचा दौरा पुढं ढकलला. गावात त्याला ‘पोरीनं स्टे आणला’ म्हणाले. कर नाही त्याला डर कशाला, असंही म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आबांनी धुतलेला फेटा घडी घालून परत पेटीत ठेवला. तुझ्यावर रागावले नाहीत. “उत्कर्षा हुशार हाय, तिनं कायतरी बघितलं आसंल,” एवढंच म्हणाले.

दिवाळीत तू आलीस तेव्हा आपण मागच्या दारी भांडलो. मी तुला विचारलं होतं, हे सगळं करण्याआधी तू आबांशी बोललीस का? तू म्हणालीस, “आक्का, वकिलानं अशिलाला सगळं विचारायचं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी तुला काय काय बोलले ते परत लिहीत नाही. तू संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. मागच्या दाराची भिंत केवढी ते तुला माहीत आहे, आणि भिंतीपलीकडं आबांची बाज असते तेही माहीत आहे.

ते पुढचं मी तुला इतके दिवस सांगितलं नाही. आता सांगते. भाऊबीज झाल्यावर मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. ते म्हणाले, “माया, उत्कर्षाला बी वाटतं व्हय गं, मी खाल्लं?” मी म्हटलं, “न्हाई ओ आबा, काय बोलताय!” ते म्हणाले, “मग तिनं मला इचारलं का न्हाई?”

मी तेल लावत राहिले.

उत्कर्षा, तू रडत असशील तर जरा थांब, पाणी पी, आणि मग पुढं वाच. कारण अजून आहे.

जानेवारीत मी तुला फोनवर म्हणाले, की आबांना जरा चक्कर आली होती, आता बरे आहेत. ती चक्कर नव्हती. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दहिवडीला नेलं, तिथून सातारला. त्याच आठवड्यात तुझी शेवटची सुनावणी होती. आई म्हणाली, “नगं सांगू तिला, तिची केस हाय, मन उडंल.” मीही ऐकलं. खरं सांगायचं तर मी रागातही होते. मला वाटलं होतं महिन्याभरात बोलायला लागतील आणि मग तुला सांगता येईल. डॉक्टरांना आता फारशी आशा नाही. सगळं समजतं त्यांना. माणसं ओळखतात, बातम्या ऐकतात, तुझं नाव निघालं की दाराकडं बघतात. पण शब्द नाही. घशातून आवाज येतो, त्याचा शब्द होत नाही.

याचिका फेटाळल्यावर समितीचं बोलावणं पुन्हा आलं. मी ते लपवणार होते. पण पोस्टमन मोठ्यानं बोलतो, त्यांनी ऐकलं. डाव्या हातानं पेटीकडं बोट दाखवलं. आईनं फेटा काढला. आयुष्यभर त्यांनी स्वतः बांधला, त्या दिवशी तुझ्या दाजींनी बांधला, तो जरा वाकडाच झाला.

गेल्या मंगळवारी आम्ही जीप करून सातारला गेलो. सरकारी विश्रामगृहात मोठं टेबल, पाच-सहा माणसं. खुर्चीत बसवलं त्यांना. अध्यक्ष भला माणूस होता गं, वाईट बोलायला मला जागाच नाही. त्यांनी आबांकडं बघितलं, कागद बाजूला ठेवले, उठून जवळ आले आणि हात जोडून म्हणाले, “बाबा, तुम्हाला त्रास देणार नाही. तुम्ही घरी जाऊन विश्रांती घ्या.” कारकुनानं लिहिलं, प्रकृतीमुळे वगळले. कुणीतरी पाण्याची बाटली दिली.

आबा उठेनात. मी म्हटलं, आबा, चला. त्यांनी खुर्चीचा हात डाव्या हातानं धरून ठेवला. अध्यक्षांकडं बघून आवाज काढत राहिले, एकसारखा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दाजींनी त्यांचं एकेक बोट सोडवलं. मी आजवर बरीच मरणं बघितली, पण त्या दिवशीसारखी कधी रडले नाही.

संध्याकाळी सयाजीतात्या घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला. आबांचा हात हातात घेऊन म्हणाला, “नानासो, जाऊ दे गड्या. झालं गेलं. आमी सगळं इसरलो.” तो गेल्यावर आबांनी भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस जेवले नाहीत. सगळे त्यांच्यावर दया करतात, उत्कर्षा. समितीनं केली, सयाजीनं केली, सगळ्यांत आधी तू केलीस. न विचारता माफ केलेला माणूस चोरच राहतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मी देवळात गेले. नाथाजी पुजाऱ्याला म्हटलं, आबांना बोलता येत नाही, चालेल का? तो म्हणाला, “त्यात बोलायचं काय आसतंय? इचारणारानं इचारायचं, ह्यानं मूठ उचलायची.” मी म्हटलं, उजवा हात गेलाय. तो म्हणाला, “देवाला हात कळतो. डावा-उजवा आपल्याला.” मग मी घरी ताट आणून आबांसमोर ठेवलं आणि बोट ठेवून विचारलं, “आबा, तुम्ही रोख्यांतलं काही खाल्लंत का?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डाव्या हातानं माझ्या गालाला हात लावला. आणि ताट बाजूला सारलं.

मला रात्रभर कळेना. सकाळी आई चुलीपुढं बसून म्हणाली, “तू कुठं इचारलंस? तू आवशिद पाजल्यागत केलंस. तुला शंकाच न्हाई, तुझ्यापुढं उचलून काय उपेग?” आईचं बरोबर आहे. सयाजीतात्याला मी विनवलं, तू विचार. तो म्हणतो, “आता ह्या दशेत म्या इचारू व्हय? पाप लागंल.”

आता राहिलीस तू. उत्कर्षा, मी टोमणा मारत नाही. तुझ्या मनात खरंच प्रश्न आहे. तो होता म्हणून तू विचारलं नाहीस, तो होता म्हणून इतक्या खेपा मारल्यास. त्यांना तोच प्रश्न पाहिजे आहे, आणि तुझ्याच तोंडून.

खोटा भंडारा उचलला तर तो लेकरांवर येतो, हे आबा मानतात. म्हणजे त्यांना तुझा-माझा जीव पणाला लावूनच उचलावा लागेल. म्हणून मला सांगता येत नाही काय होईल. उचलतील असं मला वाटतं. नाही उचलला, तर आपल्याला कळेल, आणि आपण त्यांना घरी आणून दूधभाकरी भरवू. पण तोंडावर विचारलेला माणूस म्हणून ते घरी येतील.

पुढच्या रविवारी सकाळी नाथाजी देऊळ झाडून ठेवणार आहे. सयाजीतात्या आणि वाडीतले चार जण मी बसवीन. तू घरी आलीस की त्यांच्या गळ्यात पडू नकोस, माफी मागू नकोस, रडायचं ते नंतर आपण दोघी रडू. समोर बस, बोट ठेव, आणि कोर्टात विचारतेस तसं विचार.

तुला पत्र लिहिलंय हे आबांना सांगितलेलं नाही. तू आली नाहीस, तर तुला बोलावलं होतं हे त्यांना कधीच कळणार नाही. तेवढं मी सांभाळीन.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
आक्का