चंद्रीच्या गालावरची तीट

...तर मी काजळाची डबी घेऊन स्टुलावर उभी होते, एक बोट भिंतीवरच्या म्हशीच्या गालाला, आणि तेवढ्यात तपासणीचे साहेब वर्गाच्या दारात आले.

ती. अण्णा, घाईत नमस्कार राहिला, तो इथे घ्यावा. वहिनींचा गुडघा बरा असेल. खडेबाजारातला स्टुडिओही बरा चालत असेल. (लग्नसराईत तुम्हाला जेवायला वेळ मिळत नाही, हे मी जाणते.) मागच्या भेटीत तुम्ही म्हणालात, "इंटरनेटच्या फुकटच्या फोटोंवर कुठं शाळा चालती व्हय गं?" चालते. सविस्तर लिहिते.

आमच्या आणि शेजारच्या गावच्या शाळेत मिळून एकच प्रोजेक्टर आला आहे. तपासणीत ज्या वर्गात उपयोग दिसेल, तिथेच तो राहणार. गेल्या तपासणीत माझ्या तिसरीच्या वर्गाला शेरा मिळाला होता, 'मुले बोलत नाहीत.' म्हणून मी पाळीव प्राण्यांचा पाठ निवडला आणि चित्रं शोधायला बसले. म्हैस मिळणं सोपं नाही. पहिली निघाली आफ्रिकेतली रानटी. दुसरी कार्टून, गुलाबी रिबिनीसकट. तिसरीच्या तोंडावर विकणाऱ्यानं आपलं नाव आडवं छापलेलं. (कुणीही वापरावं अशी मोकळीक दिलेलीच चित्रं घ्या आणि खाली काढणाऱ्याचं नाव लिहा, असं प्रशिक्षणात बजावलं होतं.) शेवटी एक सापडली. खांद्यापर्यंत गेलेली शिंगं, ओली पाठ, मागे दगडी विहीर. मोकळीक होती. काढणारा कुणी परदेशी होता. त्याचं नाव लिहिलं आणि तपासणीच्या आदल्या दिवशी सरावाला ती प्रोजेक्टरनं भिंतीवर लावली.

"बाई, ही आमची चंद्री!" वर्गातली सौम्या ओरडली. विहीरही त्यांचीच निघाली. मागे एक गोरा सायकलवाला तिथे पाणी प्यायला थांबला होता म्हणे.

तपासणीच्या दिवशी, शाळा भरायच्या आधीच सौम्याचे आजोबा जिनाप्पा हजर.

"बाई, न इचारता म्हस भिंतीवर चढवलासा? सगळ्या पोरांची नजर लागली. काल सांजच्याला पान्हा चोरला तिनं."

"आप्पा, परवानगी आहे. इथे लिहिलंय."

"कुणाची?"

"फोटो काढणाऱ्याची."

"म्हस त्याची हाय व्हय?"

यावर प्रशिक्षणात काही सांगितलेलं नाही.

शेवटी ठरलं, गालाला तीट लावायची आणि मग खुशाल दाखवायची. संगणकातला काळा ठिपका आप्पांना चालेना. काजळ खरं पाहिजे. म्हणून स्टूल, म्हणून स्टुलावर मी.

पाठ सुरू झाला. चंद्रीला तीट शोभत होती. अडचण पुढच्या चित्राला आली. तीट भिंतीवर होती, अण्णा. ती शेळीच्या कपाळावर आली, मग कोंबडीच्या पोटावर, मग उंटाच्या नाकात. साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"मशीन बिघडलंय काय बाई? मग परत न्यावं लागंल."

सौम्या उभी राहिली.

"बिघडलं न्हाय, साहेब. नजर लागू न्हाय म्हणून हाय ते."

"उंटाला?"

"आमच्या चंद्रीला! उंटाला उगंच लागलंय."

मी चंद्री परत लावली. साईराजनं बाकावर बसून हवेत धार काढून दाखवली. ऋतिका म्हणाली, पाणी मारल्याशिवाय चंद्री वैरणीला तोंड लावत नाही. "तू कवा बघितलीस गं?" सौम्या भडकली. मग सगळा वर्गच आपापल्या म्हशीची बाजू घेऊन उठला. साहेब टेबल वाजवत राहिले. कुणी ऐकलं नाही. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'मुले बोलतात. थांबत नाहीत. यंत्र येथेच ठेवावे.'

आता बोला.

तुमची धाकटी बहीण,
प्रणिता

ता.क. जिनाप्पा आप्पांचं म्हणणं, फोटोत चंद्री वाळलेली दिसते, हल्ली ती भरली आहे. नवा फोटो इंटरनेटवर ठेवावा आणि खाली तिचंही नाव यावं. माझ्या फोनमध्ये म्हैस म्हणजे नुसता अंधार येतो. रविवारी मोठा कॅमेरा घेऊन याल का? पैसे मिळणार नाहीत. वर मोकळीकही तुम्हालाच द्यावी लागेल.

ता.क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी शाळेच्या फाटकाशी आणखी चार म्हशी उभ्या होत्या, धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेल्या. मी त्यांच्या मालकांना रविवारी यायला सांगितलं.