आठ दिवस पुढचा कॉम्प्युटर

प्रिय भाऊजींना,

वहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्हींपैकी तुमच्या वयाला जे शोभेल ते घ्या. तुमची कंबर आता कशी आहे? जाऊबाईंचे गुडघे? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे. ‘आमच्याकडे’ म्हणायची सवय अजून सुटलेली नाही आणि सोडायची घाईही नाही.

पत्रास कारण, तुम्ही मागच्या खेपेला आपल्या पाट्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये बसवून गेलात तो अपडेट करणारा प्रोग्राम. ‘वहिनी, आता तुम्हाला काही बघायला नको, सगळं आपोआप होईल,’ असं तुम्ही म्हणाला होता. त्या दिवसापासून मी दुसरं काही बघितलेलं नाही. मी त्याला मुकादम म्हणते, कारण तो स्वतः काही करत नाही, समोरच्याला कामाला लावतो. मी कुणाच्या दारावरची पाटी अर्धी जुळवलेली असते, तेवढ्यात हा कोपऱ्यातून डोकं काढून विचारतो, आता करू की नंतर? नंतर म्हटलं की तोंड पाडून जातो आणि चहा गाळेपर्यंत परत येतो. शेवटी एकदा म्हटलं, कर बाबा. तर पडद्यावर आलं, ‘थोडंच राहिलं आहे.’ भाऊजी, हे वाक्य मी या घरात संसारभर ऐकलंय. तुमचे दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायचे, आणि तेव्हा लाकूडसुद्धा कापलेलं नसायचं. त्यामुळे मी ओळखायला हवं होतं.

खाली लिहिलं होतं, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. मी सांगितलेलं ऐकणारी बाई. सरळ तशी एक पाटी करून बटणाशी टांगली. (ती एका गिऱ्हाइकाला इतकी आवडली की त्याने आपल्या ऑफिससाठी तशीच करून मागितली. मुकादमामुळे झालेला हा एकमेव धंदा.) दुपार त्याच्यासमोर बसून काढली, आणि संध्याकाळी तो म्हणतो, ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं, कुणाचं चुकलं, काही नाही. राग मानू नका, पण असं बोलणं मी फक्त तुमच्या आईंच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्या निदान दुसऱ्या दिवशी तरी काय चुकलं ते सांगायच्या.

असं बरेच दिवस चाललं. बाकी काही अडलं नसतं. पाट्या आणि शिक्के जुन्यावरही होतात. पण लायब्ररीचं पुस्तकांचं पान उघडेना. आधी अपडेट करा, मग या, म्हणे. तुम्हाला ठाऊक आहे, मी वाचायला शिकले ती दादांच्या पाट्यांवर. (बरीच वर्षं मला वाटायचं, पुस्तकातही शेवटी फोन नंबर असतो.) ते गेल्यापासून दुकान बंद केल्यावर मी कॉम्प्युटरवरच एखादं पुस्तक काढून बसते. तेवढा वेळ बरा जातो. तोही गेला.

मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे चालू-बंद म्हणतात, कारण त्याचं पहिलं आणि शेवटचं औषध तेच. ते करून झाल्यावर तो बराच वेळ पडद्याच्या कोपऱ्यात बघत राहिला आणि म्हणाला, “काकू, तुमचा कॉम्प्युटर पुढच्या आठवड्यात राहतो.”

आता हे तुम्हाला माहीत नसेल. दवाखाना जुना व्हायचा तेव्हा कुठे आमची पाटी लागायची, अशी दादांची ख्याती होती. त्यावर त्यांनीच उपाय काढला आणि कॉम्प्युटरची तारीख आठ दिवस पुढे करून ठेवली. स्वतः लावलेली तारीख बघून स्वतःच दचकायचे, “अगं, आज द्यायचीय की!” म्हणून धावपळ करायचे आणि पाटी वेळेवर जायची. मी एकदा त्याच तारखेवर विसंबून आठवडाभर आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बसले होते. पुढे त्या तारखेकडे लक्ष जायचंच थांबलं. भिंतीतला खिळा दिसतो का रोज?

चालू-बंद म्हणाला, अपडेट जिथून येतं ते आधी तारीख जुळते का बघतं, नाही जुळली तर दार उघडत नाही. आणि माऊसला हात घालून, “चूक झालीय, सुधारतो.”

मी म्हटलं, “चूक नाही ती. ठेवलेली आहे.”

त्याने हात काढून घेतला. “मग राहू दे?”

मी लायब्ररीच्या बंद पानाकडे बघितलं आणि म्हटलं, “करा.” तारीख सुधारली, मुकादम गुणी बाळासारखा कामाला लागला आणि चालू-बंदचा चहा संपेपर्यंत झालंही. नव्या सुनेने स्वयंपाकघर लावावं तशी सगळी बटणं हलली आहेत, पण सापडतील. पुस्तकं उघडतात. तुमच्या उपकाराबद्दल आभार मानायला हे पत्र.

तुमची,
वहिनी

ता. क. तारीख मी परत आठ दिवस पुढे केली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर कॉम्प्युटरवर सगळ्या जगात होती तीच तारीख, आणि घरात कुणालाच कसली घाई राहिली नव्हती. ते मला जमेना. आता पुस्तक हवं असलं की मी आजमध्ये येते, ते उतरवून घेते आणि पुढच्या आठवड्यात जाऊन वाचते. त्यात एकच गोम आहे, निम्मं होण्याआधीच तिथल्या तारखेने परत द्यायची मुदत संपते. त्यामुळे माझं वाचन फार भरभर व्हायला लागलंय.

आणखी ता. क. खरं काम हे. तुमचा मुकादम अपडेट झाल्यापासून शहाणा झालाय. रोज माझ्या नकळत तारीख बरोबर करून ठेवतो. तुम्ही तिकडून त्याला सांगा, किंवा काढून घ्या. चालू-बंदला सांगितलं तर तो माझ्याकडे फार मायेने बघतो, आणि ते मला परवडत नाही.

शेवटची ता. क. दादांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. या घरात तो दिवस आठ दिवस आधी येतो आणि मग पुन्हा एकदा येतो. मधले दिवस मला एकटीने काढायचे नाहीत. तेव्हा कॉम्प्युटरच्या तारखेला या. निघायला उशीर झाला तर धावपळ करू नका. तुमच्या घराण्याच्या रीतीने आठवडाभर उशीर केलात, तरी अगदी वेळेवर पोचाल.