सोडलेला श्वास

बंगळूर, गुरुवार, १२ मार्च १९९८

तीर्थरूप आप्पा, नमस्कार शेवटी करते. एका हाताने तुमच्या नातीच्या, चंदनाच्या डोक्यावरचं यंत्र सावरून धरलं आहे.

ऑपरेशनची भीती कमी व्हावी म्हणून इस्पितळाने दिलंय; संगणकाला जोडलेलं आहे, हेल्मेटएवढं जड. आत डोळ्यांपुढे तळं दिसतं आणि एक बाई इंग्रजीत संथ श्वास घ्यायला सांगते. चंदनाला इंग्रजी कळेना, म्हणून मीच कानाशी म्हटलं, "आता श्वास सोड."

तिने तो रोखूनच धरला. "सोडला तर परत येतो?"

"येतो. सोडून बघ."

सोडला. आला. हसली.

उद्या तिच्या पायाचं दुसरं ऑपरेशन. "फोटो काढायला नेतोय म्हणून सांग," असं तुम्ही लिहिलंत. मी सांगणार नाही. मागच्या वेळी तसंच सांगून नेलं आणि आत चौघांनी तिला दाबून धरलं. इथल्या नर्सबाई हसतात, "सिनेमाने स्वल्प तरी भीती जाते का, अक्का?" जाईल किंवा राहील. फसवून नेणार नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं निम्मंच सांगा.

आता नमस्कार.
तुमची हट्टी कौशल्या

शुक्रवार सकाळ. ऑपरेशन झालं, प्लास्टर घालून झोपली आहे. आत जाताना रडली नाही. दाराशी मलाच म्हणाली, "आई, श्वास सोड. परत येतो."